नव्याने जोडलेले इंजिन सुरू का होत नाही?

मोटारगाडी कारखान्यात तयार होते आणि गिऱ्हाईक ती दुकानातून विकत आणते, ही नेहमीची रीत. परंतु इंग्लंडमध्ये गेली कित्येक दशके अनेक हौशी मंडळी मोटार सुट्या भागांच्या रूपात आणतात आणि घरच्या गॅरेजात आपल्या हातांनी जोडतात. अशा गाडीला ‘किट कार’ म्हणतात. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली आणलेली ‘लोटस सेव्हन’ ही त्यांतली फार गाजलेली गाडी. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी-कर द्यावा लागे, सुट्या भागांच्या संचावर मात्र तो नसे. म्हणून ज्यांचा खिसा लहान आणि हौस मोठी, अशांना ही सोय फारच आवडली. संचाबरोबर गाडी कशी जोडावी याच्या सूचना देण्यास मनाई होती, म्हणून चॅपमन यांनी गाडी कशी सुटी करावी याच्या सूचना दिल्या आणि त्या शेवटाकडून वाचायला सांगितले, अशी एक गंमतीदार कथाही सांगितली जाते! १ एप्रिल १९७३ रोजी मूल्यवर्धित कर आला आणि करातली ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेले. त्या कुळातल्या गाड्या आजही संचाच्या रूपात मिळतात.

आता अशी कल्पना करा की, कित्येक महिने खपून कोणी ही गाडी जोडली. शेवटचा बोल्ट आवळला. किल्ली फिरवली, आणि इंजिन सुरूच झाले नाही! आता काय करायचे?

कालपर्यंत चालणारी गाडी आज बंद पडली, तर शोध सोपा असतो. काल सर्व काही जागच्या जागी होते, तेव्हा काहीतरी एकच गोष्ट बिघडली असण्याचा संभव अधिक. नव्याने जोडलेल्या इंजिनाबाबत तसे म्हणता येत नाही. ते अजून एकदाही चाललेले नाही. तार चुकीच्या जागी असेल, नळी उलटी लागली असेल, एखादा भाग खोक्यातच राहिला असेल, किंवा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या असतील. ‘हे तर मी नीटच बसवले आहे’ हे वाक्य येथे पुरावा म्हणून चालत नाही. प्रत्येक गोष्ट तपासूनच मान्य करायची. म्हणूनच न चालणारे इंजिन ही विज्ञानाच्या पद्धतीची एक उत्तम शाळा आहे.

इंजिनाला काय हवे?

उदाहरणासाठी आपण फोर्ड कंपनीचे, ‘केंट’ कुळातले १९६७ साली आलेले ‘क्रॉसफ्लो’ इंजिन घेऊ. १९६८ च्या लोटस सेव्हनमध्ये याच जातीची इंजिने बसवत. सिलिंडर चार. प्रत्येकाचा व्यास ८०.९८ मि.मी., आणि दट्ट्याची धाव ७७.६२ मि.मी. यावरून इंजिनाचे आकारमान १,५९९ घन सें.मी. येते. वहीवर पडताळून पाहा.

पेट्रोल इंजिनाचे चार टप्पे तुम्हांला ठाऊक आहेत: मिश्रण आत घेणे, ते आवळणे, पेटवून काम करून घेणे आणि धूर बाहेर टाकणे. दट्ट्याच्या या चार धावांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. यावरून इंजिनाच्या गरजा सहज काढता येतील. पहिली गरज, कोणीतरी त्याला पुरेशा वेगाने फिरवले पाहिजे. दुसरी, ठिणगी पडली पाहिजे. तिसरी, हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात मिळाले पाहिजे. चौथी, मिश्रण नीट आवळले गेले पाहिजे. आणि पाचवी, ठिणगी नेमक्या वेळी पडली पाहिजे. या पाचही गोष्टी असतील, तर इंजिनाला सुरू होण्यावाचून गत्यंतर नाही. ते सुरू होत नाही, याचा अर्थ पाचांपैकी निदान एक गोष्ट नाही. ती कोणती, एवढेच शोधायचे.

पहिला प्रश्न: इंजिन फिरते का?

इंजिनाला पहिले फेरे देण्याचे काम स्टार्टर मोटर करते. आपल्याकडे तिला ‘सेल्फ’ म्हणतात. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला; त्याआधी हे काम माणूस लोखंडी दांडा फिरवून करी. स्टार्टर इंजिनाला मिनिटाला साधारण दोनशे फेरे देतो. फेरे याहून फार कमी पडले, तर बाकी सर्व ठीक असूनही इंजिन पेट घेत नाही.

किल्ली फिरवल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज आला आणि इंजिन हलले नाही, तर पुष्कळजण दिवे लावून पाहतात. दिवे झगझगीत लागले की म्हणतात, ‘वीज तर आहे. तेव्हा स्टार्टरच बिघडला.’ हा निष्कर्ष घाईचा आहे. का, ते आकड्यांनी पाहू.

बॅटरीचे विद्युत्‌चालक बल १२.६ व्होल्ट, तिचा अंतर्गत रोध ०.०१७ ओहम आणि स्टार्टरचा रोध ०.०६७ ओहम धरू. एकूण रोध ०.०८४ ओहम. ओहमच्या नियमानुसार प्रवाह १२.६ ÷ ०.०८४, म्हणजे १५० अँपिअर. आता बॅटरी आणि स्टार्टर यांच्यामधला एक जोड रंगामुळे किंवा गंजामुळे वाईट आहे, आणि त्याचा रोध फक्त ०.०५ ओहम आहे असे समजा. एकूण रोध ०.१३४ ओहम झाला. प्रवाह ९४ अँपिअरवर उतरला. शक्ती ही प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध एवढी असते. तेव्हा स्टार्टरला मिळणारी शक्ती सुमारे १,५०० वॅटवरून सुमारे ५९० वॅटवर, म्हणजे चाळीस टक्क्यांवर आली! आणि त्या वाईट जोडात सुमारे ४४० वॅट उष्णता निर्माण होऊ लागली. (मोटर फिरू लागली की ती स्वतःच उलट दिशेने विद्युत्‌दाब निर्माण करते, त्यामुळे आकडे बदलतात, पण मुद्दा तोच राहतो.)

आता हाच वाईट जोड ५ वॅटच्या दिव्याच्या वाटेत आहे असे समजा. दिव्याला प्रवाह लागतो जेमतेम ०.४ अँपिअर. जोडावर वाया जाणारा दाब ०.४ × ०.०५, म्हणजे ०.०२ व्होल्ट. दिव्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. तो पूर्वीसारखाच प्रकाश देईल. म्हणजे दिवा लागला एवढ्यावरून ‘जोड उत्तम आहे’ असे म्हणता येत नाही. ‘थोड्या प्रवाहाला तो पुरेसा आहे’ इतकेच म्हणता येते.

मग जोड तपासायचा कसा? रोधमापक लावून ०.०५ ओहम विश्वासाने मोजता येत नाहीत. मापकाच्या तारांचाच रोध त्याहून अधिक असू शकतो. म्हणून दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगायची आणि त्याच वेळी जोडाच्या दोन बाजूंना व्होल्टमापक लावायचा. चांगल्या जोडावर तो जवळजवळ शून्य दाखवतो. आपल्या उदाहरणात तो ९४ × ०.०५, म्हणजे ४.७ व्होल्ट दाखवील. चोर सापडला!

किट कारमध्ये हा चोर बहुधा परतीच्या वाटेवर दडलेला असतो. मोटारीत बॅटरीचे ऋण अग्र सांगाड्याला जोडतात आणि सांगाडाच परतीची तार म्हणून वापरतात. यालाच ‘अर्थिंग’ म्हणतात. कारखान्यातल्या गाडीचे सगळे अंग पोलादी असते, म्हणून परतीला वाटा पुष्कळ. किट कारचे अंग पुष्कळदा काचतंतूंचे असते, आणि ते विजेचे दुर्वाहक आहे. सांगाडा पोलादी असला तरी त्यावर रंगाचा जाड थर असतो. शिवाय इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेले असते, आणि रबरही दुर्वाहकच. तेव्हा इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये तांब्याची जाड विणलेली पट्टी जोडावीच लागते, तीही रंग खरवडून, चकचकीत धातूवर. ही पट्टी विसरली, तर स्टार्टरचा प्रवाह मिळेल त्या वाटेने परतू पाहतो. कधी ती वाट म्हणजे ॲक्सिलरेटरची किंवा चोकची बारीक पोलादी केबल असते. किल्ली फिरवल्यावर केबल तापू लागली, तर पट्टी विसरल्याचा तो पक्का पुरावा समजावा आणि किल्ली ताबडतोब सोडावी.

दुसरा प्रश्न: ठिणगी पडते का?

इंजिन चांगले फिरते, पण पेट घेत नाही. आता ठिणगी पाहू. त्या काळच्या इंजिनात बारा व्होल्टांपासून सुमारे वीस हजार व्होल्ट निर्माण करण्याचे काम कॉइल करते. तिच्यात एकाच लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात: एक जाड तारेचे, थोड्या फेऱ्यांचे, दुसरे बारीक तारेचे, त्याच्या सुमारे शंभरपट फेऱ्यांचे. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट मिटलेले असतात, तेव्हा पहिल्या वेटोळ्यातून तीन-चार अँपिअर प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, क्षेत्र एकदम कोसळते, आणि फॅरडेच्या नियमानुसार दुसऱ्या वेटोळ्यात प्रचंड दाब निर्माण होतो. पॉइंटांना समांतर जोडलेला छोटा कंडेन्सर प्रवाह झटकन तुटायला मदत करतो. तो नसेल तर पॉइंटांवरच ठिणग्या पडून सारा जोर तेथेच वाया जातो.

पाहण्याची रीत अशी. प्लग काढायचा, त्याची टोपी घालायची आणि त्याचे धातूचे अंग एका चिमट्याच्या तारेने इंजिनाला पक्के जोडून ठेवायचे. हातात धरायचा नाही, आणि प्लगच्या उघड्या भोकापासून दूर ठेवायचा. कारण तेथून पेट्रोलची वाफ येते. इंजिन फिरवताच निळसर, टकटक आवाज करणारी ठिणगी दिसली, तर हा प्रश्न सुटला.

ठिणगी नसेल तर बारा व्होल्टांचा एक लहान दिवा घ्यावा. किल्ली चालू ठेवून दिव्याचे एक टोक कॉइलच्या पॉइंटाकडील अग्राला आणि दुसरे इंजिनाच्या धातूला लावावे. इंजिन फिरवताना दिवा लुकलुकला पाहिजे, कारण पॉइंट उघडले की तो लागतो आणि मिटले की विझतो. तो सतत लागलेलाच राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा नव्या पॉइंटांवर तेलकट थर आहे. तो लागतच नसेल, तर कॉइलपर्यंत वीज पोचत नाही, किंवा पॉइंट कधी उघडतच नाहीत. एका दिव्याने केवढे काम केले पाहा! दिवा लुकलुकतो आणि तरीही प्लगला ठिणगी नाही, अशी स्थिती असेल तर डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून आत रोटर बसवला आहे की नाही ते पाहावे. नवीन जोडणीत तो टेबलावरच राहून जाण्याचे प्रकार होतात.

तिसरा प्रश्न: पेट्रोल पोचते का?

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. एक लीटर हवेचे वस्तुमान साधारण १.२ ग्रॅम. म्हणजे चिमूटभर, एक ग्रॅम पेट्रोलसाठी बारा लीटरांहून अधिक हवा! मिश्रण यापेक्षा फार पातळ किंवा फार दाट झाले, तर ठिणगी पडूनही ते पेटत नाही. थंड इंजिनात मात्र पेट्रोलची पुरती वाफ होत नाही आणि बरेचसे थेंब भिंतींना चिकटून राहतात. म्हणून सुरुवातीला मुद्दाम अधिक पेट्रोल द्यावे लागते. चोक ओढतो तो याचसाठी.

किल्ली फिरवून झाल्यावर प्लग काढून पाहिले, तर ते आतली हकीगत सांगतात. प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल येत नाही. ओला असेल, तर पेट्रोल येते पण पेटत नाही, किंवा चोक अति झाला आहे. नव्या गाडीत टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सर्व नळ्या कोरड्या असतात. इंजिनावरच्या यांत्रिक पंपाला त्या भरायला बराच वेळ लागतो. तेव्हा पहिल्या मिनिटात पेट्रोल आले नाही, म्हणून घाबरू नये. कार्बोरेटरची वाटी हाताने भरून पाहावे. त्यानंतरही पेट्रोल येत नसेल, तर पंपाच्या आत येणारी आणि बाहेर जाणारी नळी यांची अदलाबदल झाली नाही ना, ते तपासावे.

चौथा प्रश्न: मिश्रण आवळले जाते का?

प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि इंजिन फिरवायला सांगा. कॉइलची वीज आधी तोडून ठेवा. चांगल्या सिलिंडरमधली हवा अंगठा उडवून लावते. चारही सिलिंडर अशक्त असतील, तर झडपांचे टॅपेट फार घट्ट आहेत किंवा कॅमशाफ्टची साखळी चुकीच्या दात्यावर बसली आहे, असा संशय घ्यावा. एकच सिलिंडर अशक्त असेल, तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा पाहावे. दाब वाढला, तर गळती दट्ट्याच्या कड्यांतून आहे, कारण तेलाने त्यांची फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही, तर गळती बहुधा झडपेतून आहे.

पाचवा प्रश्न: वेळ बरोबर आहे का?

नव्या जोडणीतली सर्वांत फसवी चूक येथे होते. पहिला दट्ट्या वरच्या टोकाला आला, की पुलीवरची खूण जुळते. जोडणारा ती खूण जुळवतो आणि डिस्ट्रिब्यूटर बसवतो. पण लक्षात घ्या, चार धावांच्या एका चक्रात दट्ट्या वरच्या टोकाला दोनदा येतो: एकदा मिश्रण आवळून आणि एकदा धूर बाहेर टाकून. खूण दोन्ही वेळा जुळते! चुकीच्या वेळी डिस्ट्रिब्यूटर बसवला, तर धूर बाहेर जात असताना ठिणगी पडते. ठिणगी उत्तम, पेट्रोल भरपूर, दाब चांगला, आणि तरीही इंजिन सुरू होत नाही. उलट कार्बोरेटरमधून फटाक्यासारखे आवाज येतात.

यावर उपाय सोपा आहे. या इंजिनात सिलिंडर १-२-४-३ या क्रमाने पेटतात. म्हणजे पहिला आणि चौथा यांच्यात बरोबर एका फेऱ्याचे अंतर असते. वरचे झाकण काढून चौथ्या सिलिंडरच्या झडपा पाहाव्यात. एक मिटत असताना दुसरी उघडू लागली असेल, तर चौथा धूर टाकण्याच्या शेवटी आहे आणि पहिला मिश्रण आवळून तयार आहे. ठिणगी पहिल्या सिलिंडरला हवी ती याच वेळी. प्लगच्या तारांचा क्रमही तेव्हाच तपासून घ्यावा.

शोधाची रीत

दोन नियम कायम पाळावेत. पहिला, एका वेळी एकच बदल करावा. पॉइंट, प्लग आणि कार्बोरेटर या तिन्हींना एकदम हात लावला आणि इंजिन सुरू झाले, तर कशामुळे झाले ते कळत नाही. आणि झाले नाही, तर नवी चूक कोणती केली तेही कळत नाही. दुसरा नियम, शक्य तेथे वाट मधोमध तोडून तपासावी. बॅटरीपासून प्लगपर्यंत सोळा टप्पे आहेत आणि दोष एकातच आहे, असे धरा. एका टोकापासून पाहत गेले, तर पंधरा तपासण्या लागू शकतात. मध्यावर तपासले, तर एका तपासणीत आठ टप्पे बाद होतात. मग चार, दोन आणि एक. चार तपासण्यांत काम होते. दर तपासणीचा निकाल वहीत लिहून ठेवावा.

सावधगिरीचेही दोन शब्द. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते. बंद खोलीत हे काम करू नये, आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तेथे ठिणगी नको. सुरू झालेल्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो, आणि त्याला वास नसतो. शाळकरी मुलांनी यातले कोणतेही काम जाणत्या माणसाशिवाय करू नये.

आजच्या किट कारमध्ये पॉइंट आणि कार्बोरेटर सहसा नसतात. क्रँकशाफ्टची स्थिती संवेदक सांगतो, पेट्रोल फवाऱ्याने येते आणि ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. साधने बदलली, पण पाच प्रश्न तेच आहेत. संवेदकाचे अर्थिंग वाईट असेल, तर संगणकही फसतो.

करून पाहा

दोन टॉर्चचे सेल, खेळण्यातली एक लहान मोटर, एक लाल एल.ई.डी. आणि १०० ओहमचा एक रोधक घ्या. एल.ई.डी. आणि रोधक एकसरीत जोडून सेलांवर लावा, आणि प्रकाश पाहा. मग मोटर लावून तिचा वेग पाहा. आता वाटेत पेन्सिलीचे दोन्ही टोकांनी उघडे केलेले शिसे घाला. हा झाला आपला ‘गंजलेला जोड’. एल.ई.डी. जवळजवळ पूर्वीसारखाच लागेल. मोटरचे काय होते? शिक्षकांनी येथे शिशाच्या दोन टोकांमधला दाब, दोन्ही वेळचा, विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावा.

तुम्हीच निदान करा

(१) किल्ली ‘स्टार्ट’वर धरली असता इंजिन पेट घेते, किल्ली सोडताच बंद पडते.
(२) इंजिन सुरू होते, काही मिनिटे चालते आणि बंद पडते. पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडताच ‘सूऽऽ’ असा आवाज होतो, आणि इंजिन पुन्हा सुरू होते.
(३) पहिला आणि चौथा प्लग जळून कोरडे. दुसरा आणि तिसरा ओले. चारही प्लगांना ठिणगी जोरदार.

उत्तरे: (१) काही गाड्यांत कॉइल बारापेक्षा कमी व्होल्टांची असते. एरवी तिला वीज एका रोधक तारेतून मिळते. स्टार्टर चालू असताना बॅटरीचा दाब उतरतो, म्हणून तेवढ्यापुरती ती थेट मिळते. येथे रोधक तारेची वाट तुटली आहे. (२) टाकीत हवा येण्याचे भोक बुजले आहे. पेट्रोल कमी होत गेले तशी आत पोकळी निर्माण झाली. (३) दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लगच्या तारांची अदलाबदल झाली आहे. असे का, ते १-२-४-३ हा क्रम कागदावर मांडून शोधा.